बॉल पायथनची जोडी कधी लावायची, किती वेळा लावायची: खान्देशातल्या पाळणाऱ्यांसाठी

दिवाळी सरली की बॉल पायथन हा परदेशी साप पाळणाऱ्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "दादा, मादी दीड वर्षाची झाली, नर सोडू का?" मी वजन विचारतो. उत्तर येतं, "मोजलं नाही, पण चांगली जाड दिसते." मग मे महिन्यात त्याच माणसाचा दुसरा फोन येतो: अंडी काळी पडली, मादी खात नाही, आता काय करू? या दोन फोनांच्या मधे जे चुकतं, ते टळावं म्हणून हे लिहितो आहे.

चुका दोनच आहेत, पण त्यांच्यातून बाकीच्या सगळ्या निघतात. पहिली, मादी तयार आहे का हे वयावर नाहीतर नजरेवर ठरवलं जातं, वजनाच्या नोंदीवर नाही. दुसरी, परदेशी व्हिडिओतलं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं जातं. त्या वेळापत्रकाने हिवाळाभर जोडी लावली तर अंडी मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि मे-जूनपर्यंत पेटीत राहतात. म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर असतो, लाइट जात-येत असते, आणि नेमकी तेव्हाच अंडी पेटीत असतात. आपल्याकडे अंडी थंडीने मरत नाहीत, उकाड्याने मरतात.

म्हणून आधी मे महिन्याचा विचार करायचा आणि मग मागे मोजत यायचं.

## टप्पा १: कागद आणि पिल्लांची घरं

बॉल पायथन हा आपल्या रानातला अजगर नाही, तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. पण सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्रत्येक जिवंत प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदवावा लागतो. आधीपासून असलेल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवस. पिल्लं झाली, साप दगावला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं असतं.

आईबापांचीच नोंद नसेल तर पिल्लांची कशी करणार? नोंद नसलेल्या सापाची जोडी लावू नका. पैदाशीबद्दल आपल्याला काय लागू होतं, हे जिल्ह्याच्या वनविभागात लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

भारतीय अजगर मात्र पहिल्या अनुसूचीत आहे. सातपुड्यात सापडलेलं अजगराचं पिल्लू घरी ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते कितीही चांगलं सांभाळलेलं असो. बॉल पायथन पाहून शेजारी हमखास "अजगर पाळला" म्हणून सर्पमित्राला फोन करतात. नोंदणीची प्रत रॅकवरच चिकटवून ठेवा.

आता घरांचं. एका खेपेला साधारण चार ते आठ अंडी येतात. बॉल पायथन नीट सांभाळला तर २०-३० वर्षं जगतो. सहा पिल्लं म्हणजे सहा जणांची पंचवीस वर्षं. वही घ्या आणि ज्यांनी स्पष्ट शब्दांत "हो" म्हटलंय, ज्यांच्याकडे साप ठेवायचा टब, खालून ऊब देणारी हीट मॅट आणि तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट आधीपासून आहे, अशांचीच नावं लिहा. "बघू", "आणून तर दाखवा" म्हणणारे धरायचे नाहीत.

तपासणी: वहीत किमान चार नावं, आणि न गेलेली सगळी पिल्लं वर्षभर स्वतः सांभाळता येतील इतके टब, जागा आणि खाद्याचा खर्च. यातलं एक जरी कमी पडलं तर यंदा जोडी नाही.

सावधान: उरलेली पिल्लं तापीकाठी किंवा सातपुड्यात सोडून देणं हा पर्याय नाही. ती तिथे मरतील, नाहीतर परदेशी रोग आपल्या सापांना देतील.

## टप्पा २: मादी मोजा

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो. झाकणाचा डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, साप आत ठेवायचा. महिन्यातून एकदा, शक्यतो खाऊ घालण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे पोटातल्या उंदराचं वजन मोजलं जात नाही.

मादीसाठी माझी अट: वय तीन वर्षं पूर्ण आणि वजन किमान १,५०० ग्रॅम. दोन्ही हवं. दीड वर्षात भरपूर खाऊ घालून १,५०० ला नेलेली मादी तयार नसते, ती फक्त लठ्ठ असते. लठ्ठ मादीचा पाठीचा कणा दिसत नाही, शेपटीकडे चरबीच्या वळ्या पडतात, आणि अंडी अडकण्याचा धोका वाढतो. चांगल्या मादीचं अंग आडवं कापलं अशी कल्पना केली तर वर हलका उंचवटा असलेला गोल दिसेल.

नरासाठी साधारण दीड-दोन वर्षं आणि ७०० ग्रॅम. नर हंगामात खाणं सोडतो, त्यामुळे ५०० ग्रॅमचा नर हंगाम संपेपर्यंत काटकुळा होतो.

हा आकडा मी ठासून सांगतो कारण माझी पहिली मादी मी १,२५० ग्रॅमला लावली होती. अंडी आली, चार. अंडी घातल्यावर मादीचं वजन एक तृतीयांशाच्या आसपास उतरतं, कधी त्याहून जास्त. तिचंही उतरलं. त्या उन्हाळ्यात तिने तीन महिने काही खाल्लं नाही. तिची कातडी कणीस सोलल्यासारखी सैल झाली होती. पुन्हा १,२५० ला यायला तिला जवळजवळ दोन वर्षं लागली. ती जगली, पण ती चूक माझी होती आणि भोगली तिने.

तपासणी: मागच्या सहा महिन्यांची वजनं वहीत आहेत का? वजन वाढतंय किंवा स्थिर आहे का? तोंडात फेस, श्वासाची शिट्टी, डोळ्यांजवळ किंवा हनुवटीखाली काळे माइट (रक्त पिणारे बारीक किडे), अर्धवट निघालेली कात, यातलं काही असेल तर आधी उपचार. आपल्या भागात साप तपासणारे पशुवैद्य फार कमी. नाशिक-पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर आणि जायची सोय आत्ताच ठरवा, मादीच्या पोटात अंडं अडकल्यावर नाही.

नर की मादी, याची खात्री नसेल तर सळई घालून बघण्याचा प्रयोग घरी करू नका. चुकीच्या हाताने शेपटीला कायमची इजा होते.

## टप्पा ३: जोडी कोणाची कोणाशी

रंगाच्या मोहात इथे मोठं नुकसान होतं, आणि ते पिल्लांना जन्मभर पुरतं.

बॉल पायथनचे पैदाशीतून आलेले रंग-नक्षीचे अनेक प्रकार आहेत. त्यातल्या स्पायडर नावाच्या प्रकारात मान डोलण्याचा दोष जनुकाबरोबरच येतो. तो आतल्या कानाच्या रचनेतला दोष आहे. साप खातो, जगतो, पण भक्ष्य पकडताना त्याचं डोकं भरकटतं, घाबरला की अंगाची गुंडाळी होते. कमी डोलणाऱ्या आईबापांची पिल्लंही जास्त डोलू शकतात. वोमा, चॅम्पेन आणि दोन्हीकडून सेबल जनुक मिळालेले साप यांतही असेच दोष दिसतात. स्पायडरला स्पायडर किंवा स्पायडरला चॅम्पेन लावली तर दोन्ही जनुकं मिळालेली पिल्लं अंड्यातच किंवा बाहेर आल्यावर लवकरच मरतात. कॅरामेल अल्बिनोमध्ये पाठीचा कणा वाकडा निघण्याचं प्रमाण जास्त. सिनॅमन किंवा ब्लॅक पेस्टल आपसांत लावले की दोन्हीकडून जनुक मिळालेल्या पिल्लांत वाकडा कणा आणि बदकासारखं तोंड दिसू शकतं. डेझर्ट रंगाच्या माद्यांना फलित अंडी होत नाहीत, अंडी अडकून त्या मरतातही. त्यांची जोडी कधीच लावायची नाही.

माझं मत विचाराल तर स्पायडरची जोडी लावूच नये. पैसे मिळतात, हे खरं आहे. तरीही.

विकणाऱ्याने सांगितलेलं नातं तपासा. एकाच खेपेतले भाऊ-बहीण "जोडी" म्हणून विकले जातात. पाळायला हरकत नाही, लावायला आहे.

## टप्पा ४: उबवणपेटी आधी, नर नंतर

बहुतेक लोक अंडी आल्यावर थर्माकोलचा खोका शोधायला निघतात. पेटी दसऱ्याच्या आत तयार हवी आणि किमान दोन आठवडे रिकामी चालवलेली हवी.

जाड थर्माकोलची पेटी किंवा बंद पडलेला छोटा फ्रीज उत्तम. आत हीट केबल किंवा हीट मॅट, थर्मोस्टॅट, तळाशी पाण्याच्या तीन-चार भरलेल्या बाटल्या. लाइट गेली की या बाटल्या तापमान धरून ठेवतात. थर्मोस्टॅटचा सेन्सर अंड्यांच्या डब्याच्या उंचीवर ठेवा. त्याशिवाय दुसरा, वेगळा थर्मामीटर डब्याच्या आत हवाच. एकाच यंत्रावर विश्वास ठेवला की ते यंत्र बिघडल्याचं आपल्याला शेवटी कळतं.

तापमान ३१ ते ३२ अंश. ३३ च्या वर बराच वेळ राहिलं तर पिल्लात व्यंग येतं किंवा पिल्लू मरतं. थोडं थंड चालतं, थोडं गरम चालत नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

आणि आता खान्देशची गोष्ट. थर्मोस्टॅट फक्त उष्णता बंद करू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच ३८ वर गेली तर पेटी ३८ वरच जाणार. माझी दुसऱ्या वर्षीची अंडी अशीच गेली. पेटी वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली होती. दुपारी लाइट गेली, मी बाहेरगावी होतो, इन्व्हर्टर होता आणि त्यावर थर्मोस्टॅटही चालू होता. हीटर बंदच होता. पेटी तापवली ती स्लॅबने. संध्याकाळी आत ३६ होते. पुढच्या आठवड्यात पाचपैकी चार अंड्यांवर बुरशी आली.

म्हणून पेटी कुठे ठेवायची हे पेटीपेक्षा महत्त्वाचं. तळमजल्यावर, पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीत. गावी धाब्याचं जुनं घर असेल तर त्यातली मधली खोली कुठल्याही एसीच्या तोडीची: जाड मातीच्या भिंती आणि मातीचं छत दुपारची धग आत येऊ देत नाहीत. मी आता माझी पेटी आमच्या गावच्या धाब्याच्या घरात नेतो, आईकडे. ती दिवसातून दोनदा आकडा वाचून फोनवर सांगते. शहरात असाल तर त्या खोलीला एसी हवा, किंवा किमान कूलर आणि खिडकीला वाळ्याचा पडदा.

डब्यात व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी हलकी खनिजं. आपल्याकडे केळीची रोपं तयार करणाऱ्या नर्सऱ्यांत ते किंवा कोकोपीट सहज मिळतं, फक्त खत मिसळलेलं घेऊ नका. व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने साधारण समसमान. मूठभर घेऊन दाबा: गोळा व्हावा, पण थेंब गळू नये.

तपासणी: भर दुपारी हीटर बंद करून दोन तास बघा. पेटीतलं तापमान ३२ च्या वर चढतं का? ऑक्टोबर हीटमध्येच ही परीक्षा करा. तेव्हा चढलं तर मे महिन्यात काय होईल ते कळलंच.

## टप्पा ५: खान्देशचं वेळापत्रक

अंडोत्सर्गापासून (मादीची बीजांडं सुटण्यापासून) अंडी घालेपर्यंत साधारण दीड महिना, कधी थोडं जास्त. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर येईपर्यंत ५५ ते ६० दिवस. पिल्लं एप्रिल संपायच्या आत बाहेर यायला हवी असतील तर अंडी फेब्रुवारीअखेर पडलेली हवीत, आणि अंडोत्सर्ग जानेवारीच्या मध्याआधी.

म्हणून माझा क्रम असा. पोळ्याला सगळ्यांची वजनं. घटस्थापनेला निर्णय: यंदा कोण, कोण नाही. दसऱ्यानंतर रात्रीचं तापमान हळूहळू कमी आणि पहिली भेट. संक्रांतीला नर कायमचा वेगळा, मग मादी अंड्यांवर आलेली असो वा नसो.

संक्रांतीनंतर "अजून एकदा बघू" म्हणून नर सोडणं हीच खान्देशातली सगळ्यात महाग चूक. फेब्रुवारी-मार्चमध्ये लागलेल्या जोडीची अंडी एप्रिल-मेमध्ये पडतात आणि ऐन उकाड्यात उबतात.

तरीही उन्हाळ्याची तयारी सोडू नका. मादी नराचं वीर्य महिनोन्महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे नर वेगळा केल्यावरही अंडी उशिरा येऊ शकतात. बॉल पायथनची मादी क्वचित नराशिवायही अंडी घालते. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी उलटलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, आणि गेली कित्येक वर्षं ती नराजवळ नव्हती. म्हणजे एकट्या मादीच्या टबात अंडी दिसली तर घाबरू नका, पण ती फलित नाहीतच असंही धरू नका.

## टप्पा ६: गारवा किती

जोडी लावायला सापांना थंडीत कुडकुडवावं लागतं, हा गैरसमज फार पसरलाय. बॉल पायथन उष्ण प्रदेशातला आहे. दिवसा गरम बाजू ३१-३२ तशीच ठेवायची. रात्री थंड बाजू २४-२५ पर्यंत उतरू द्यायची, तीही दोन आठवड्यांत हळूहळू. एवढं पुरे.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री १० अंशांपर्यंत उतरतात, कधी त्याहून खाली. "निसर्गच थंड करतोय" म्हणून हीट मॅट बंद करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याकडे जानेवारीत फेसाळ तोंडाचे, मान वर करून श्वास घेणारे साप असतात. ती फुप्फुसाची लागण आहे, आणि पोटात बीजांडं वाढत असलेली मादी त्यात फार लवकर खचते.

हवेतला ओलावा ५० ते ६० टक्के. हिवाळ्यात आणि विशेषतः मार्चनंतर आपली हवा कोरडी ठणठणीत होते. पाण्याचं भांडं मोठं ठेवा आणि टबाच्या एका कोपऱ्यात ओल्या मॉसचा (शेवाळाचा) डबा. टबावर पाणी फवारत बसू नका, त्याने अंथरूण ओलं राहतं आणि पोटाच्या खवल्यांना फोड येतात.

## टप्पा ७: भेटी

नराला मादीच्या टबात सोडायचं, संध्याकाळी. दोन-तीन दिवस ठेवायचं, मग काढायचं. काढल्यावर दोघांना खाऊ घालायचं, आठ-दहा दिवस विश्रांती, पुन्हा भेट. जोड लागली की शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात आणि तसं कित्येक तास राहू शकतं. तेव्हा टब उघडू नका, फोटो काढू नका.

कायम एकत्र ठेवू नका. बाहेरून प्रेमाने गुंडाळून बसल्यासारखे दिसतात ते दोघे एकाच गरम जागेसाठी आणि लपायच्या डब्यासाठी झगडत असतात. त्यात कमजोर साप खाणं सोडतो.

एका नराला एका हंगामात दोनच माद्या, फार तर तीन. नराचं वजन दर पंधरा दिवसांनी बघा. हंगाम सुरू झाल्यापासून दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर त्याची सुट्टी.

खाद्य पांढरे उंदीरच, विश्वासातल्या ठिकाणचे, गोठवलेले आणि कोमट पाण्यात पूर्ण वितळवलेले. शेतात किंवा गोदामात पकडलेला उंदीर कधीही नाही. आपल्याकडे उंदरांसाठी विष सर्रास टाकतात. ते उंदराच्या पोटातून सापाच्या पोटात जातं.

## टप्पा ८: अंडोत्सर्ग ते अंडी

मादी आधी थंड बाजूला जायला लागते, पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळं घालते. मग एक दिवस पोटाच्या मध्यभागी अशी फुगते की वाटावं हिने मोठा उंदीर गिळला. हा अंडोत्सर्ग. तो दिवसभरच टिकतो, म्हणून चुकतो. दिसला तर तारीख लिहा. तिथून दोन-चार आठवड्यांत ती कात टाकते. ही कात फार महत्त्वाची: तिच्यापासून साधारण ३० दिवसांनी अंडी, चार-पाच दिवस पुढे-मागे.

या काळात मादी बहुतेक खात नाही. तोंडाशी उंदीर नाचवत बसू नका. ती पोट वर करून उताणी पडलेली दिसेल, गरम बाजूला चिकटून बसेल. हे तिच्यासाठी नेहमीचं आहे. कातेनंतर तिला हातात घेणं पूर्ण बंद.

ओल्या मॉसचा, तिला वेटोळं घालून बसता येईल एवढा डबा कातेनंतर लगेच ठेवा.

सावधान: कातेपासून ४० दिवस उलटले आणि अंडी नाहीत, किंवा काही अंडी घालून मादी थांबली आणि पोटात गाठी लागतात, तर डॉक्टर. पोट दाबून अंडं बाहेर काढू नका. आतून फाटलं तर मादी वाचत नाही.

## टप्पा ९: अंडी पेटीत

मादी अंड्यांभोवती गुंडाळी करून बसलेली असते. तिला स्वतःच उबवू द्यावं का, असा प्रश्न नेहमी येतो. ती उत्तम उबवते, पण आणखी दोन महिने उपाशी राहते, आणि आपल्या उन्हाळ्यात टबाचं तापमान अंड्यांना हवं तसं राखणं अवघड. मी काढतो.

डोक्यावर हलकासा कपडा टाका, शेपटीकडून सावकाश वेटोळी सोडवा. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर तसाच गठ्ठा उचला. अंडं फिरवायचं नाही. कोंबडीची अंडी फिरवतात म्हणून लोक हीही फिरवतात, आणि आतला जीव गुदमरतो. पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करा आणि डब्यात तीच बाजू वर ठेवा.

अंधारात मोबाइलचा टॉर्च लावला की फलित अंड्यात लाल शिरा दिसतात. पिवळट, छोटी, पोचट अंडी वेगळी काढा. सगळी अंडी उबवलीच पाहिजेत असं मात्र नाही. वहीत चारच नावं असतील आणि अंडी आठ, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच जास्तीची अंडी फ्रीझरमध्ये ठेवून देणं हे दोन वर्षांनी घर न मिळालेल्या चार सापांपेक्षा जास्त प्रामाणिक आहे. मला ते सोपं जात नाही. तरी करतो.

डबा आठवड्यातून एकदा अर्धा मिनिट उघडा, हवा बदला. झाकणाचं पाणी अंड्यांवर पडू देऊ नका. अंडी लवकर पिचकली तर कोरडं झालंय, कडेने थोडं कोमट पाणी घाला. शेवटच्या पंधरवड्यात पिचकली तर तसं होतंच.

साधारण ५५ व्या दिवसानंतर पिल्लू कवचाला चीर पाडतं आणि डोकं बाहेर काढून दिवस-दोन दिवस तसंच बसतं. ओढू नका, कवच कापू नका. ते आतलं पिवळं बलक शोषून घेत असतं.

## टप्पा १०: पिल्लं

एकेक वेगळ्या छोट्या टबात, ओल्या टिश्यू पेपरवर. एक-दोन आठवड्यांत पहिली कात, त्यानंतर पहिलं खाणं. पिल्लू स्वतःहून सलग सहा वेळा खाऊन, पचवून मगच दुसऱ्याच्या हाती. त्याआधी "नेतो ना, खाईल तिकडे" म्हणणाऱ्याला द्यायचं नाही. सोबत वजनाची नोंद, आईबापांचा रंग आणि नोंदणीची कागदं. पोर्टलवर जन्माची नोंद पिल्लं बाहेर आल्याबरोबर करून टाका.

मे महिन्यात पिल्लू बसने पाठवू नका. बंद डब्यात, खिडकीच्या उन्हात, चोपड्यापासून धुळ्यापर्यंतचा प्रवासही त्याला मारायला पुरतो. पहाटे स्वतः न्या.

## टप्पा ११: पुन्हा कधी

अंडी काढल्यावर मादीला कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा आणि टबाचं सगळं अंथरूण बदला. अंड्यांचा वास राहिला तर ती तशीच बसून राहते, खात नाही. वास गेला की बहुतेक माद्या एक-दोन आठवड्यांत खायला लागतात. पहिली दोन-तीन जेवणं छोटी, दर सात दिवसांनी.

आता मूळ प्रश्न: किती वेळा? रानात बॉल पायथनची मादी साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा अंडी घालते. घरात पोटभर मिळतं म्हणून ती दरवर्षी घालू शकते, आणि "घालते तर घालू दे" म्हणणारे बरेच आहेत. माझ्याकडे वर्षाआड. त्यातही पोळ्याच्या वजनाला तिने मागच्या जोडीच्या आधीचं वजन पूर्ण भरून काढलेलं असावं, आणि मधल्या वर्षात दोन महिन्यांहून मोठा उपास झालेला नसावा. एक अट चुकली तर आणखी एक वर्ष थांबायचं. सलग दोन खेपांत निम्म्याहून जास्त अंडी पोचट आली किंवा एकदा अंडं अडकलं, तर त्या मादीची जोडी कायमची बंद.

माझ्या त्या पहिल्या मादीला मी पुन्हा एकदाच लावलं, ती १,७०० ची झाल्यावर. सहा अंडी, पाच पिल्लं, आणि आषाढात ती पुन्हा खायला लागली. आता ती नुसती पाळलेली आहे. मागच्या पोळ्याला तिचं वजन १,८४० भरलं.